राबावरचं डिझेल

तलाठ्याला भाऊसाहेब म्हणायची आपल्याकडे जुनी रीत आहे. मी बाई, पण त्या रीतीला त्याचं काही नव्हतं. पहिली दोन वर्षं मी चिडले, मग निमूट ओ द्यायला लागले. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतच माझी सगळी नोकरी झाली. बदलीचा हुकूम आला की सामान टेम्पोत टाकायचं आणि एका तालुक्यातून दुसऱ्यात जायचं. त्यामुळे दोन्हीकडचे लोक मला आपली समजतात आणि दोन्हीकडच्यांना माझ्या चुका पाठ आहेत.

तलाठी नेमकं करतो काय, असं हल्ली मला विचारतात. ज्याची जमीन आहे तो हे विचारत नाही. विचारणारे असतात वाशिंद-आसनगावकडचे नवे फ्लॅटवाले. त्यांना मी सांगते, सातबारा सांभाळतो, आणि काही बिघडलं की पंचनामा लिहितो. पूर, वणवा, वादळ, वीज पडून मेलेली म्हैस. गावातली चार-पाच माणसं पंच म्हणून उभी करायची, त्यांच्यासमोर पाहायचं, छापील नमुन्याचे रकाने भरायचे, सह्या आणि अंगठे घ्यायचे. लोकांना ते खरडणं वाटतं. पण नुकसान झालं आणि त्याचा पंचनामा नसला, तर भरपाई मागणारा जन्मभर हेलपाटे घालतो.

हे काम मला पोतदारसाहेबांनी शिकवलं. ते आमचे सर्कल, म्हणजे चार-पाच तलाठ्यांवरचे मंडळ अधिकारी. अक्षर मोत्यासारखं, स्वभाव कुलपासारखा. त्यांचा एकच नियम होता. "दिसतं ते लिहायचं. ऐकलेलं लिहू नका. पुढे होणारं तर मुळीच लिहू नका, ज्योतिषाचं खातं आपल्याकडे नाही." हा नियम मी इतका पाळला की पुढे त्याचीच फळं भोगली.

तेलाशी माझी पहिली गाठ पडली ती मुरबाडच्या बाजूला. काळ्या तेलाचा टँकर वळणावर उलटला आणि सगळं तेल खालच्या ओहोळात गेलं. मी पोचले तेव्हा गाव डबे, कळश्या, मिळेल ते घेऊन तेल भरत होतं. फुकटचं आहे तर घ्या, चुलीला होईल, असा हिशेब. दुपारी कंपनीचा माणूस आला. त्याने टँकर उचलून नेला आणि जाताना फक्त बघून गेला, कुणाकुणाच्या दारात डबे आहेत ते. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आला. आमचं तेल तुमच्या घरात आहे, पोलिसांत द्यायचं की मिटवायचं? मग प्रत्येक घराला एक स्टीलचा हंडा मिळाला आणि प्रत्येक घराने 'तक्रार नाही' लिहून दिलं. ओहोळाखालची काकडी आणि वाल त्या वर्षी गेले ते गेलेच. मी तेव्हा नवखी होते, त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझीही सही आहे. तेव्हापासून मला एक कळलं की तेलवाली कंपनी दोनदा येते. पहिल्यांदा पाने-पकडी आणि कामाच्या टोप्या घेऊन, दुसऱ्यांदा कागद घेऊन. पहिल्या वेळी सगळं गाव जमतं, दुसऱ्या वेळी कुणाचं लक्ष नसतं.

आता शहापूर तालुक्यातल्या शेणव्याकडची गोष्ट. तिथे माझ्या सजेत, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, एक ठाकरवाडी होती. वाडीच्या उतारावरून जमिनीखालून तेलाची नळी जाते. हे शहरातल्या माणसाला खरं वाटत नाही, म्हणून समजावून सांगते. मुंबईकडून वर जाणारं पेट्रोल-डिझेल सगळंच टँकरने जात नाही, बरंच नळीतून जातं. नळी ज्या शेतातून जाते ते शेत कंपनी विकत घेत नाही. मालक शेतकरीच राहतो, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो आणि तो सातबाऱ्यावर 'इतर हक्कां'त चढतो. नळी टाकताना एकदा मोबदला देतात. पुढे नळीवरच्या पट्ट्यात भात लावता येतं. झाड लावायचं नाही, विहीर खणायची नाही, घर बांधायचं नाही. पिवळे खांब उभे असतात, त्यांवर फोन नंबर लिहिलेला असतो. वाडीतली पोरं त्या खांबांना बैल बांधायची.

त्या पट्ट्याला लागून खालच्या अंगाला पदीबायचा राब होता. पदीबाय माझ्याच वयाची. नवरा थकलेला, कारभार सगळा तिच्या हातात. ती मला 'तलाठीबाय' म्हणायची आणि एकेरीत बोलायची. वाडीवर सगळेच एकेरीत बोलतात, कलेक्टर आला तरी. तिच्या त्या एका तुकड्यावर तिचं आणि तिच्या दोन दिरांचं, असं तीन घरांचं भाताचं रोप व्हायचं.

राब काय, तेही सांगायला हवं. आमच्या भागात भाताचं रोप करायची जागा आधी भाजतात. होळीच्या आगेमागे तिथे शेण पसरतात, त्यावर ऐनाच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत असे थर रचतात, वरून बारीक माती टाकतात आणि पावसाच्या आधी पेटवून देतात. तण मरतं, किडा मरतो, राख मिळते. तिथे पेरलेलं रोप मग सगळ्या शेतात लावायचं. राब गेला की रोप गेलं, रोप गेलं की वर्षाचं भात गेलं. डहाळ्या डोक्यावरून वाहून आणायला बायकांचे पंधरा-पंधरा दिवस जातात.

काही वर्षांपूर्वी चैत्रात त्या नळीला गळती लागली. सकाळी वाडीतून फोन आला, "डिझेलचा वास सुटलाय, डोकं फिराय लागलं." कंपनीची माणसं माझ्या आधी पोचली होती. खड्डा खणलेला होता, नळीला लोखंडी कडं आवळलेलं होतं. कुणीतरी चोरांनी नळीला भोक पाडून तोटी बसवली होती आणि ती निसटली होती, असं त्यांचं म्हणणं. पट्ट्यातली माती त्यांनी गोण्यांत भरून नेली, वर नवा मुरूम टाकला. काम चोख होतं, त्यात वाद नाही. पण डिझेल पट्ट्यात थांबलं नव्हतं. ते उताराने पदीबायच्या राबात शिरलं होतं. रचलेला सगळा थर भिजून काळा झाला होता.

मी पंचनाम्याला बसले. गाव, गट नंबर, खातेदार, क्षेत्र. मग रकाना आला पिकाचा. चैत्रात शेतं मोकळी असतात. मी लिहिलं, पीक निरंक. नुकसानीचा रकाना पिकावरच चालतो, म्हणून तिथेही निरंक.

पदीबाय शेजारी उकिडवी बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण रकाना किती लवकर भरला हे तिने पाहिलं.

"बाय, राब लिवला का गो?"

"राबाला रकाना नाही, पदीबाय. पीक असतं तर लिहिलं असतं."

"पीक राबातूनच येतं ना?"

"येतं. पण अजून आलेलं नाही. जे आलं नाही ते मी कसं लिहू?"

"मग शेण नि पाला तरी लिव. तो तर आलाय. मी डोक्यावर आनलाय."

मी हसले. हसले हे मला चांगलं आठवतं. शेणपाला कुणी पंचनाम्यात लिहितं का, असं काहीतरी म्हणाले आणि शाईचा पॅड पुढे केला. तिने अंगठा दिला. वाडीत चहा झाला, मी निघाले.

त्यानंतर वाडीने केलं ते जगात दुसऱ्या कुणी केलं नसतं. भाजायचे दिवस आले, तसे त्यांनी राब भाजला. डिझेलसकट. तिन्ही घरांनी मिळून एका दुपारी पेटवला. ज्वाळा नेहमीपेक्षा वर गेल्या, धूर लांबून दिसला. त्यांचं डोकं सरळ होतं. आग लावली की जमीन शुद्ध होते, हे पिढ्यानपिढ्या अनुभवलेलं. तण जातं, किडा जातो, तसं डिझेलही जाईल.

डिझेल सगळं गेलं नाही. खाली मुरलं होतं ते राहिलं, आणि एवढ्या आचेने वरची माती विटेसारखी भाजून निघाली. पाऊस पडल्यावर पेरलं ते बोटभर उगवलं, पिवळं पडलं आणि बसलं. तिन्ही घरांकडे लावायला रोप नाही. शेजाऱ्यांकडून उरलंसुरलं मागून थोडं लावलं, बाकी शेतं तशीच पडून राहिली. पदीबायचे दीर बायकामुलांसकट वीटभट्टीवर गेले. त्या वर्षी वाडीवरची तीन घरं रेशनच्या तांदळावर जगली.

वाडीतल्या एका शिकलेल्या सुनेने अर्ज लिहिला आणि प्रकरण भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे गेलं. अशा प्रकरणात लोकांना वाटतं, कंपनी म्हणेल, तेल गळलंच नाही. तसं ती कधी म्हणत नाही. ती म्हणते, गळलं, वाईट वाटतं, पण तुमचं नुकसान काय झालं ते दाखवा. दाखवायची जबाबदारी ज्याचं गेलं त्याच्यावर. आणि दाखवायचं कशाने? तर आम्ही लिहिलेल्या कागदाने.

सुनावणी शहापूरला तहसीलच्या सभागृहात ठेवली. मी साक्षीदार. आत शिरले तर कंपनीच्या बाजूला वकील, इंजिनियर आणि त्यांच्या मधोमध पोतदारसाहेब. निवृत्तीनंतर ते कंपनीचे जमीन सल्लागार झाले होते. महसुलातली जुनी माणसं कंपन्यांना लागतातच; आमच्या कागदात कुठे बोट घालायचं हे आमच्याशिवाय कुणाला कळणार? त्यांनी मला बघून मान डोलावली. "काय बाई, बरं आहे ना?" मीही, "बरं आहे, साहेब," म्हटलं.

कंपनीचा पहिला मुद्दा चोरांचा. भोक चोरांनी पाडलं, आम्हीही फसलो, आम्ही का भरावं? सुनावणीचे अधिकारी वयाने लहान पण समजदार होते. ते म्हणाले, "नळी तुमची, तेल तुमचं, फायदा तुमचा. धोक्याची वस्तू जो बाळगतो तो तिच्या नुकसानीला बांधील. चोराचं तुम्ही आणि पोलीस बघा." वकिलाने मान हलवून पुढचं पान काढलं. हे त्यालाही ठाऊक असणार, म्हणून तो तिथे फार रेंगाळला नाही.

दुसरा मुद्दा आगीचा होता. पदीबायला उभं केलं.

"तुम्ही त्या जागेला आग लावलीत?"

"लावली नाय. भाजली."

"तेल सांडलंय हे माहीत असून?"

"भाजायचा दिस आला, आमी भाजला. दर साल भाजतो."

"म्हणजे पुरावा जाळलात."

"पुरावा कुठला? राब व्हता तो."

सभागृहात हसू पिकलं. वकीलही हसला, कारण त्याचं काम झालं होतं. मातीचे नमुने आगीनंतर घेतलेले, त्यात तेल थोडंच सापडलेलं. रोप मेलं ते तेलाने की तुमच्या आगीने, हे कोण सांगणार? आणि आगीच्या आधीचा कागद एकच, माझा पंचनामा. त्यात तर पीक निरंक, नुकसान निरंक.

मग मला बोलावलं. वकिलाने पंचनामा माझ्यापुढे धरला. सही माझी आहे का? आहे. मजकूर माझा आहे का? आहे. त्या दिवशी शेतात पीक होतं का?

"नव्हतं."

"नुकसान होण्यासारखं दुसरं काही तुम्हाला तिथे दिसलं होतं का?"

हा प्रश्न पोतदारसाहेबांनी चिठ्ठीवर लिहून दिलेला असणार, कारण तो विचारताना वकील कागदात बघत होता. 'नाही' म्हणायचं, एवढंच. कागद आणि साक्ष जुळली असती, मी मोकळी झाले असते. सरकारी नोकराने स्वतःच्या कागदाविरुद्ध बोलायचं नसतं, हे कुठे लिहिलेलं नाही, पण आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या निवृत्तीला थोडंच उरलं होतं. खरं सांगते, मला भीती वाटली. पण त्याहून जास्त मला ते माझं हसणं आठवलं, आणि लाज वाटली.

"दिसलं होतं," मी म्हटलं. "राब दिसला. शेण, डहाळ्या, पाला, सगळं रचलेलं होतं. त्यात डिझेल मुरलेलं होतं. खातेदार बाईने मला दोनदा सांगितलं, राब लिहा. रकाना नाही म्हणून मी लिहिलं नाही. दिसतं ते लिहायचं, असं मला शिकवलं होतं. मी दिसलेलं लिहिलं नाही. त्यात चूक माझी आहे, तिची नाही."

हे बोलताना मी पोतदारसाहेबांकडे पाहिलं नाही. पंचांपैकी दोघे मागे बसले होते, त्यांनाही अधिकाऱ्यांनी विचारलं. त्यांनी तेच सांगितलं. एक म्हातारा पंच तर म्हणाला, "आमी तवाच बोललो व्हतो, भाऊसाहेब चुकतेत." त्याने तसं काही म्हटल्याचं मला आठवत नाही, पण मी ते खोडून काढलं नाही.

मला खात्याची नोटीस आली, पंचनाम्यात हयगय केल्याबद्दल. एक वेतनवाढ रोखली. माझ्या नवऱ्याने विचारलं, "शेणपाल्यापायी?" मी म्हटलं, "हो, शेणपाल्यापायी." पंचनाम्याचे छापील नमुने मात्र तसेच राहिले. आता तर मोबाइलवर पिकांची यादी येते, बोट लावून निवडायचं. मी निवृत्त होईपर्यंत तरी त्या यादीत राब नव्हता.

निकाल पदीबायच्या बाजूने लागला. तीन घरांचं एका हंगामाचं भात कंपनीने भरून द्यायचं. तेलाच्या कंपनीने वाडीवरच्या राबाची भरपाई दिल्याचं माझ्या नोकरीत मी तेवढं एकदाच पाहिलं.

चेक द्यायला कंपनी वाडीवर आली, आणि मुरबाडपासून जे मला माहीत होतं तेच झालं. बरोबर कागद होता. पोतदारसाहेब स्वतः आले होते, सोबत कंपनीतला एक इस्त्रीच्या शर्टातला अधिकारी. पदीबायने मला निरोप धाडला होता, तू ये आणि वाचून दाव. मी खाटेवर बसून पावती वाचली. वरच्या ओळी ठीक होत्या. शेवटी लिहिलं होतं, ही रक्कम पूर्ण व अंतिम असून सदर गळतीबाबत यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही.

"म्हंजे काय?" पदीबायने विचारलं.

"म्हणजे ह्या तेलापायी पुन्हा कधी काही मागायचं नाही. पुढच्या वर्षीसुद्धा."

"पुढल्या साली रोप येल का?"

ते मला सांगता येईना. इस्त्रीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, अभ्यास सुरू आहे. पुढे ती जमीन आणखी दोन हंगाम पिवळंच रोप देत राहिली, पण तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. मी तिला एवढंच सांगितलं की अंगठा दिला नाहीस तर आज चेक मिळणार नाही, पुन्हा तारखा पडतील. वीटभट्टीवरून आलेले दोन्ही दीर भिंतीला टेकून उभे होते. धाकट्याची बायको पोटुशी होती, घरात दाणा नव्हता. तो म्हणाला, "दे गो वैनी, दे अंगठा." पदीबायने मला नाही, सरळ पोतदारसाहेबांना विचारलं.

"ह्यांचं तेल पुरं आलं का? आता नाय यायचं?"

"तसं कसं सांगता येईल?" इस्त्रीवाला म्हणाला. "जमिनीत किती मुरलंय ते..."

"मंग मी कसं सांगू, माजं मागनं पुरं झालं म्हनून?" ती म्हणाली. "तुमी अंगठा द्या का तेल शेवटचं, मी अंगठा देते का पैसे शेवटचे. आदी तुमी द्या."

तिने शाईचा पॅड उचलून त्या अधिकाऱ्यासमोर धरला. थट्टा करत नव्हती. इतक्या वर्षांत मी हजारो अंगठे घेतले असतील. शाई समोरच्याच्या बोटाला लागायला हवी, असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

तो अधिकारी फोन घेऊन लांब जाऊन बोलत राहिला. पोतदारसाहेब मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिशातलं पेन काढलं. 'पूर्ण व अंतिम' वर सरळ रेघ मारली, खालची अख्खी ओळ खोडली, वर आपल्या मोत्यासारख्या अक्षरात 'एका हंगामापुरती' असं लिहिलं आणि बाजूला कंपनीतर्फे सही केली. "कंपनी मला विचारेल," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "विचारू दे."

पदीबायने कागद हातात घेतला. उलटा धरला होता, मी सरळ करून दिला. रेघ कुठे मारली आहे आणि सही कुठे आहे ते तिने बोट ठेवून माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग तिने अंगठा पॅडवर टेकवला.